पाव किलो म्हणजे किती वाट्या?

दिवाळी जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत बिस्किटं, नानकटाई आणि केक यांचे प्रश्न वाढतात. यंदा वर्धा जिल्ह्यातून आलेल्या बहुतेक पत्रांची अडचण एकच आहे. कृती ग्रॅममध्ये सांगितलेली, आणि हाताशी फक्त वाटी. म्हणून हे सगळे प्रश्न एकत्र घेतले आहेत. उत्तरं एकापुढे एक वाचली तर जास्त उपयोगी पडतील.

प्रश्न : दिवाळीआधी मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचं आणि डबा भरून नानकटाई घेऊन यायची, ही आमच्याकडची जुनी रीत. यंदा घरी ओव्हन आला म्हणून बेकरीवाल्या काकांना प्रमाण विचारलं. ‘किलोभर मैद्याला अर्धा किलो तूप, अर्धा किलो पिठी साखर,’ असं ते म्हणाले. मी दोन वाट्या मैदा, एक वाटी पातळ तूप आणि एक वाटी पिठी साखर घेतली. नानकटाई ट्रेभर पसरली, खाली तूप सुटलं. प्रमाण तेच असताना असं का झालं? (एक वाचक, आर्वी)

आकडे तेच राहिले, पण प्रमाण बदललं. काकांचं दोनास एक, एक हे वजनाचं प्रमाण होतं, तुमचं वाटीचं झालं. वाटी जागा मोजते आणि काटा माल मोजतो. मैद्याच्या कणांमध्ये हवा असते. हलक्या हाताने भरलेल्या वाटीभर मैद्यात अर्ध्याहून जास्त जागा हवेचीच असते. पातळ तुपात मात्र हवा नसते, वाटी काठापर्यंत तुपानेच भरते.

हिशेब करून पाहू. घरातली मध्यम वाटी १५० मिलिलिटरची धरली, तर तिच्यात सुमारे ७८ ग्रॅम मैदा बसतो, पातळ तूप सुमारे १३६ ग्रॅम आणि पिठी साखर सुमारे ७५ ग्रॅम. म्हणजे तुम्ही १५६ ग्रॅम मैद्याला १३६ ग्रॅम तूप घातलंत. काकांच्या प्रमाणाने ते ७८ ग्रॅम हवं होतं. तूप जवळजवळ पावणेदोन पट झालं. ओव्हनच्या उष्णतेत ते वितळलं, त्याला धरून ठेवायला पुरेसं पीठ नव्हतं, म्हणून नानकटाई पसरली. साखर योगायोगाने बरोबर आली, कारण पिठी साखर आणि मैदा वाटीत साधारण सारख्याच वजनाचे भरतात. तिच्याऐवजी दाणेदार साखर घेतली असती तर तीही सव्वाशे ग्रॅम पडली असती.

काकांचं प्रमाण पाव किलो मैद्यासाठी याच वाटीत उतरवायचं तर मैदा सव्वातीन वाट्यांना किंचित कमी, पातळ तूप एक वाटीला थोडं कमी आणि पिठी साखर एक वाटी आणि वर पाऊण वाटीला थोडी कमी. मळताना पीठ गोळा होत नसेल तर चमचाभर दूध घाला, तूप वाढवू नका.

प्रश्न : माझी वाटी १५० मिलिलिटरची आहे की २०० ची, हे मला माहीत नाही. घरात वजनकाटाही नाही. मग हिशेब कसा करायचा? (हिंगणघाट)

काटा विकत न घेताही वाटीची ओळख पटवता येते. आधी तिचं आकारमान शोधा. अर्धा लिटर दुधाची पिशवी घ्या आणि वाटी काठोकाठ भरत रिकामी करा. तीन वाट्या आणि वर एक तृतीयांश भरली, तर वाटी १५० मिलिलिटरची. अडीच वाट्या भरल्या तर ती २०० ची. दूध पुन्हा पातेल्यात जातं, काही वाया जात नाही.

मग मैद्याचं न फोडलेलं अर्ध्या किलोचं पाकीट घ्या. चमच्याने हलक्या हाताने वाटी भरा, वरून सुरीच्या पाठीने सपाट करा आणि किती वाट्या झाल्या ते लिहा. ५०० ला त्या आकड्याने भागलं की तुमच्या वाटीतल्या मैद्याचं वजन हातात येतं. साखरेच्या किलोच्या पाकिटाचंही असंच करा. पाकिटावरचं वजन काटेकोर तोललेलं असतं, तेच इथे तुमचा काटा होतं.

याहून सोपी वाट म्हणजे वाटी पिशवीत घालून ओळखीच्या किराणा दुकानात किंवा गिरणीत जाणं. तिथे इलेक्ट्रॉनिक काटा असतोच. रिकामी वाटी ठेवून आकडा शून्यावर आणायला सांगा, मग मैदा, रवा, साखर एकेक करून तोलून घ्या. दुपारी गर्दी नसताना गेलं तर दुकानदारही आनंदाने करून देतो.

तोवर कामापुरता अंदाज म्हणून पुढचे आकडे वापरा. पहिला आकडा बाजारात मिळणाऱ्या २४० मिलिलिटरच्या कपाचा, दुसरा १५० मिलिलिटरच्या वाटीचा. दोन्ही ग्रॅममध्ये आहेत. पिठं चमच्याने हलकी भरून वरून सपाट केलेली आहेत.

पाणी : २४० / १५०
दूध : २४५ ते २४७ / १५४
मैदा : १२५ / ७८
कणीक : १२० ते १३० / ७५ ते ८०
चाळलेलं बेसन : ९२ / ५८
बारीक रवा : १६५ ते १७० / १०५
दाणेदार साखर : २०० / १२५
पिठी साखर : १२० / ७५
पातळ तूप किंवा तेल : २१८ / १३६
लोणी : २२७ / १४२
कोको पावडर : ८५ ते १०० / ५३ ते ६२

तेलाच्या बाबतीत पडताळा घरातच आहे. तेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर वजन साधारण ९१० ग्रॅम छापलेलं असतं. पाण्याचं लिटर किलोभर असतं, तेलाचं सुमारे ९० ग्रॅमने हलकं.

प्रश्न : तक्त्याप्रमाणे मोजूनही माझी बिस्किटं कधी भुसभुशीत होतात, कधी दगडासारखी. वाटी तीच, मैदाही तोच. (पुलगाव)

फरक वाटी भरण्याच्या रीतीत असणार. डब्यात वाटी बुडवून, कडेला दाबून वर काढली तर त्याच १५० मिलिलिटरच्या वाटीत सुमारे ९५ ग्रॅम मैदा येतो. चमच्याने सैल भरली तर ७८, आणि आधी चाळून मग भरली तर ७० च्या आसपास. सव्वातीन वाट्यांची कृती एक जण दाबून करेल तर मैदा ३०० ग्रॅमच्या वर जाईल, दुसरा चाळून करेल तर २३० च्या खाली राहील. एकाच कृतीतून दगड आणि चुरा दोन्ही निघतात ते असे.

आपल्याकडे धान्य मोजताना हा फरक सगळे जाणत. पायली शिगोशीग भरायची की काठाशी कापायची, यावर खळ्यावर बोलणं व्हायचं, कारण शिगेत शेतकऱ्याचं किंवा घेणाऱ्याचं धान्य जायचं. स्वयंपाकघरातल्या वाटीला तेवढीच शिस्त लागते. आधी डब्यातला मैदा चमच्याने हलवून मोकळा करा, चमच्याने वाटीत टाका, वाटी आपटू नका आणि सुरीची पाठ काठावरून फिरवा.

अमेरिकेत कपाने मोजण्याची रीत घट्ट रुजली. तिथेही हीच अडचण होती. बोस्टनच्या फॅनी फार्मर यांच्या १८९६ च्या पाककृतींच्या पुस्तकाने सपाट कप आणि सपाट चमचा यांचा आग्रह धरला, त्यानंतर घरोघरी मापं एकसारखी होऊ लागली. कृतीत ‘चाळलेला एक कप मैदा’ असेल तर आधी चाळा, मग मोजा. ‘एक कप मैदा, चाळून’ असेल तर आधी मोजा. या दोहोंत दहा टक्क्यांच्या घरात फरक पडतो.

प्रश्न : तूप थिजलेलं मोजावं की पातळ? मे महिन्यात आमच्याकडे ते थिजतच नाही, आणि हिवाळ्यात चमचा घुसत नाही. (वर्धा)

वर्ध्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा बरणीतलं तूप तेलासारखं असतं. डिसेंबरात तेच रवाळ होऊन बसतं. काट्याला या दोन्ही अवस्था सारख्याच, १२५ ग्रॅम तूप दोन्ही वेळा १२५ ग्रॅमच राहतं. वाटीला मात्र त्या सारख्या नाहीत. रवाळ तूप चमच्याने वाटीत भरताना मध्ये पोकळ्या राहतात, म्हणून वाटी भरलेली दिसूनही तूप कमी येतं. दाबून भरलं तर पोकळ्या कमी होतात, पण किती दाबलं ते रोज वेगळं.

वाटीनेच मोजायचं असेल तर एकच नियम पाळा. तूप कोमट करून पूर्ण पातळ करा, मोजा, आणि मग पुन्हा थिजू द्या. नानकटाईला थिजलेलं तूप लागतं. ते साखरेबरोबर फेसलं की त्यात हवा धरली जाते आणि नानकटाई खुसखुशीत होते. पातळ तुपात ती हवा धरत नाही. म्हणून उन्हाळ्यात मोजलेली वाटी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, लोण्यासारखं मऊ झालं की बाहेर काढा. लोण्याची कृती तुपात करत असाल तर ध्यानात ठेवा की लोण्यात पाण्याचा अंश असतो आणि तुपात जवळजवळ नसतो. १०० ग्रॅम लोण्याच्या जागी ८० ते ८५ ग्रॅम तूप घ्या आणि उरलेल्या भागासाठी चमचाभर दूध.

प्रश्न : आजीच्या वहीत ‘पावशेर रवा, पावशेर साखर, अदपाव तूप’ असं आहे. पावशेर म्हणजे पाव किलोच ना? (देवळी)

जवळपास, पण तंतोतंत नाही. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा असे. तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणून शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा, पावशेर २३३ ग्रॅमचा आणि अदपाव ११७ ग्रॅमचा. छटाक म्हणजे पाच तोळे, सुमारे ५८ ग्रॅम. वजन-मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजनं टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीच्या वहीत शेर-छटाक असणं स्वाभाविक आहे.

सगळे जिन्नस शेरातच लिहिले असतील तर पावशेराला पाव किलो आणि अदपावाला सव्वाशे ग्रॅम धरून केलेला पदार्थ बिघडणार नाही. सगळ्यांत सारखीच वाढ होते, परस्परांतलं प्रमाण टिकतं. घोळ होतो तो अर्धी कृती शेरात आणि अर्धी नगांत किंवा वाटीत असेल तेव्हा.

दुसरी खबरदारी जास्त महत्त्वाची. शेर हे वजनही होतं आणि धान्याचं व दुधाचं मापही. चार शेरांची पायली हे आकारमानाचं कोष्टक, आणि ही मापं मुलखागणिक बदलत. वर्धा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या वहीतला मापी शेर आणि इथला मापी शेर एकच धरू नका. वहीत दूध किंवा धान्य शेराने असेल तर ते बहुधा माप. तूप, साखर, सुकामेवा शेर-छटाकात असेल तर बहुधा वजन.

प्रश्न : जुन्या इंग्रजी पुस्तकांत पौंड-औंस असतात. त्यांचं वाटीत काय करायचं? (सेवाग्राम)

पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम, औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम. औंसाला आधी ग्रॅममध्ये आणा, मग आपल्या वाटीच्या वजनाने भागा. ही दोन पायऱ्यांची रीत सोडू नका. सरळ औंसावरून वाटीवर उडी मारली की प्रत्येक जिन्नसाला वेगळा आकडा लागतो हे विसरायला होतं.

सेवाग्रामच्या वाचकाला सेवाग्रामचंच उदाहरण देते. गांधीजी १९३६ मध्ये या गावी, तेव्हाच्या सेगावात, राहायला आले. आहाराबद्दल ते नेहमी वजनात बोलत. पुढे १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावर लिहायला घेतलेल्या पुस्तकात त्यांनी बैठं काम करणाऱ्या माणसाचा दिवसाचा आहार सांगितला आहे. त्यात गाईचं दूध २ पौंड, धान्य ६ औंस, तूप दीड औंस, गूळ किंवा साखर दीड औंस असे आकडे आहेत. आता हे १५० मिलिलिटरच्या वाटीत आणू. २ पौंड दूध म्हणजे ९०७ ग्रॅम, वाटीने जवळजवळ सहा वाट्या. ६ औंस धान्य म्हणजे १७० ग्रॅम, त्याची कणीक सव्वादोन वाट्यांच्या आत. दीड औंस तूप म्हणजे साडेबेचाळीस ग्रॅम, १५ मिलिलिटरचे तीन मोठे चमचे आणि वर थोडंसं. दीड औंस साखर एक तृतीयांश वाटी. तूप आणि साखर इथे वजनाने सारखी आहेत, दोन्ही दीड औंस. वाटीतही ती जवळपास सारखीच दिसतात, कारण दाणेदार साखर आणि तूप यांच्यात फारसा फरक नाही. ६ औंस कणीक मात्र त्यांच्या चौपट वजनाची असून वाटीत जवळजवळ सातपट जागा घेते.

प्रश्न : मेलबर्नहून नातीने केकची कृती पाठवली. तिथला कप आणि चमचा आपल्यासारखाच असतो का? (वर्धा)

कप थोडा मोठा आहे. ऑस्ट्रेलियाचा कप २५० मिलिलिटरचा, अमेरिकेचा साधारण २४० चा. आपल्याकडे मिळणारे संच २४० चे असतात तसे २५० चेही, म्हणून कपाच्या तळाशी किंवा दांड्यावर छापलेला आकडा वाचा. सगळे जिन्नस कपाने असतील तर या फरकाने केक बिघडत नाही. मोठ्या चमच्याची गोष्ट वेगळी. आपला आणि अमेरिकेचा मोठा चमचा १५ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २० चा. नातीने ‘दोन मोठे चमचे कोको’ लिहिलं असेल तर तुम्हाला पावणेतीन चमचे घालावे लागतील. लहान चमचा दोन्हीकडे ५ मिलिलिटरचाच. सगळ्यात बरं म्हणजे नातीला सांगा, पुढची कृती ग्रॅममध्ये पाठव. ग्रॅम मेलबर्नला आणि वर्ध्याला एकच.

प्रश्न : मग ५ ग्रॅम बेकिंग पावडर, ३ ग्रॅम मीठ हेही तोलायचं का? (समुद्रपूर)

नको. घरगुती काटा बहुधा एक ग्रॅमच्या पायरीने आकडा दाखवतो. ३ ग्रॅममध्ये एक ग्रॅम इकडेतिकडे झाला तर तिसरा हिस्सा चुकला. इथे चमचाच जास्त विश्वासाचा. सपाट लहान चमचाभर बेकिंग पावडर किंवा सोडा साधारण साडेचार ते पाच ग्रॅम भरतो, मीठ ६ ग्रॅम. पण चहाचा किंवा पोह्यांचा चमचा माप म्हणून वापरू नका, त्यांचे आकार घरोघर वेगळे असतात. खोकल्याच्या औषधाबरोबर येणाऱ्या छोट्या मापावर २.५, ५ आणि १० मिलिलिटरच्या खुणा असतात. ते स्वच्छ धुऊन, पूर्ण कोरडं करून बेकिंगसाठी वेगळं ठेवा.

जे घट्ट वडीत किंवा ढेपेत मिळतं त्याला ना काटा लागतो ना वाटी. १०० ग्रॅम लोण्याच्या वडीचे चार सारखे भाग केले की प्रत्येक भाग २५ ग्रॅमचा. गुळाच्या किलोच्या ढेपेचे आठ भाग केले की प्रत्येक भाग सव्वाशे ग्रॅमचा.

प्रश्न : गोरसपाक आम्हा सगळ्यांचा आवडता. तसं काही तुपातलं बिस्किट घरी कणीक आणि गूळ घालून करायचं आहे. मैद्याच्या जागी वाटीला वाटी कणीक चालेल का? (सेलू)

वर्ध्याला आलेला पाहुणा गोरस भांडारातून गोरसपाकाचा पुडा नेतो, ही इथली जुनी सवय. गाईच्या तुपाचा तो वास गांधीजी आणि जमनालालजी बजाज यांच्या गोसेवेच्या परंपरेतून आला आहे. घरी त्या वाटेने जाताय याचा आनंद आहे.

मैद्याच्या जागी कणीक घ्यायची तर वजनाला वजन घ्या, वाटीला वाटी नको. गिरणीतून नुकती आलेली कणीक कोमट आणि फुललेली असते, वाटीत कमी बसते. तीच डब्यात आठवडाभर राहून बसली की वाटीत जास्त येते. जाडसर दळलेली आणि बारीक दळलेली यांतही फरक पडतो. वर्ध्यातच मगनवाडीत १९३४ पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने जात्यावरचं कोंड्यासकट पीठ, हातसडीचे तांदूळ आणि गूळ यांचा आग्रह धरला. त्या पिठाचा कोंडा जेवणात जसा गुणाचा, तसा बेकिंगमध्ये तो पाणी ओढून घेतो. म्हणून २५० ग्रॅम कणकेला मैद्यापेक्षा एकदोन मोठे चमचे दूध जास्त घाला आणि गोळा वीस-पंचवीस मिनिटं झाकून ठेवा. कोंडा ओल घेतो, मग बिस्किट कापताना चिरत नाही.

गुळाला वाटी अजिबात लावू नका. किसलेला, चिरलेला आणि दाबून भरलेला गूळ वाटीत फार वेगवेगळ्या वजनाचा येतो. शिवाय गुळात ओलावा असतो, म्हणून दूध आधी कमीच ठेवा आणि लागेल तसं वाढवा.

प्रश्न : आमच्या शाळेत मुलांना हे शिकवता येईल का? (एक शिक्षिका, आष्टी)

जरूर, आणि वर्धा जिल्ह्याइतकी योग्य जागा दुसरी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत नई तालीमचा विचार मांडला गेला. हाताने काही करता करता गणित, विज्ञान, भाषा शिकायची, हा त्याचा गाभा. वाटी आणि काटा यांत घनतेचा सगळा धडा आहे.

प्रत्येक मुलाला घरून एक वाटी आणू द्या. आधी पाण्याने प्रत्येक वाटीचं आकारमान काढा. मग मैदा, साखर, रवा, तेल तोलून ग्रॅमला मिलिलिटरने भागा. पाण्याला एक येईल, तेलाला ०.९१ च्या आसपास, साखरेला ०.८३, मैद्याला अर्ध्याच्या जवळ. वाट्या लहानमोठ्या असूनही भागाकार जवळजवळ सारखा येतो, हे मुलांना स्वतः सापडू द्या. एका गटाला मैदा दाबून भरायला सांगा, त्यांचा भागाकार वाढलेला दिसेल आणि त्याचं कारण वर्गच सांगेल. शेवटी किलोची नानकटाई पाव किलोवर आणून करा. ओव्हन मोठ्यांच्या हाती ठेवा, बाकी सगळं मुलं करू शकतात.

प्रश्न : माझी आई अंदाजाने करते. तिची नानकटाई आम्हाला कुणालाच जमत नाही. ती ग्रॅममध्ये कशी लिहून घेऊ? (कारंजा घाडगे)

हे काम या दिवाळीतच करा, पुढच्या वर्षावर टाकू नका. आईला वाटीने किंवा काट्याने मोजायला सांगू नका. तिच्या हाताची चाल मोडली तर चवही बदलेल. ती सुरू करण्याआधी मैद्याचा डबा, तुपाची बरणी, साखरेचा डबा, दुधाचं भांडं, सगळं तोलून आकडे लिहून ठेवा. तिचं मळून झालं की सगळं पुन्हा तोला. वजाबाकी म्हणजे तिची कृती. परातीत किंवा हाताला लागून राहिलेलं पीठ यात आपोआप धरलं जातं. चिमूट-चिमूट घातलेली वेलची, जायफळ मात्र बाजूला छोट्या वाटीत काढायला लावून चमच्याने मोजा. तूप थिजलेलं होतं की पातळ, ओव्हन किती अंशांवर आणि किती वेळ, हेही त्याच कागदावर येऊ द्या. जमलं तर दोन वेळा करा आणि सरासरी घ्या.

लिहिताना बेकरीची पद्धत वापरा. मैदा १०० धरा आणि बाकीचे जिन्नस त्याच्या शेकड्यात लिहा. काकांची कृती त्या भाषेत मैदा १००, तूप ५०, पिठी साखर ५०. आईची कदाचित मैदा ८०, बेसन २०, तूप ५८, साखर ५२ अशी निघेल, तेव्हा मैदा आणि बेसन मिळून १०० धरा. ही नोंद पाव किलोलाही चालते आणि लग्नघराच्या पाच किलोलाही. तिच्याखाली एका ओळीत आईच्या वाटीचं आकारमान मिलिलिटरमध्ये लिहा, म्हणजे ज्यांच्याकडे काटा नाही त्या बहिणीला किंवा सुनेलाही तीच नानकटाई त्याच दिवशी करता येईल.